ऑगस्टाचं फाटक

"आजी, हा बघ माझा ऑगस्टा," म्हणत भाच्याने लॅपटॉप आईच्या पुढ्यात ठेवला. ऑगस्टा म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला नामांकित गोल्फ कोर्स, मास्टर्स ही मोठी स्पर्धा दर एप्रिलमध्ये जिथे होते तो. पडद्यावर त्याच्या अठरा होलांपैकी, म्हणजे टप्प्यांपैकी, दहाव्याची टी होती, म्हणजे पहिला फटका मारायची जागा. समोर हिरवा उतार थेट खाली गेलेला, पुढे डावीकडे वळलेला, दोन्ही अंगाला पाइनची उंच झाडं. उजवीकडची झाडं अजून लावून व्हायची होती, त्यामुळे ती बाजू बोडकी दिसत होती. आईने चष्मा सारखा केला आणि बराच वेळ निरखून बघितलं. गोल्फ तिच्या गावीही नाही. पण आयुष्यभर साताऱ्याच्या चढउतारांवर पायी हिंडलेली बाई, तिने पहिल्यांदा उतारच ओळखला. "एवढं उतरायचं म्हणजे परत चढायचंही असणार की." मग पाण्याचा घोट घेत तिने विचारलं, "आणि तिथे कुणालाही आत सोडतात का रे?" भाचा म्हणाला, "माझ्या गेममध्ये सोडतात." तेवढ्यावर विषय संपला, आई उठून आत गेली. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न काही जाईना.

भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि गेली काही वर्षं त्याला गोल्फच्या गेमचं वेड आहे. खेळण्यापेक्षा बनवण्याचं जास्त. हल्लीच्या काही गेममध्ये स्वतःचा कोर्स उभा करायची सोय असते. जगभरातली हौशी मंडळी रात्र रात्र जागून खऱ्या कोर्सच्या प्रतिकृती त्यात घडवत असतात. अमेरिकेचं भूसर्वेक्षण खातं विमानातून केलेली लेसर मोजणी लोकांसाठी मोफत खुली ठेवतं. ती उतरवून घ्यायची, तिच्यातून जमीन उभी करायची आणि मग बंकर म्हणजे वाळूचे खळगे, झाडं, गवत हाताने घालत बसायचं. त्याने हे सगळं मला सांगितलं, कारण मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि कंटूर, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, हा माझ्या रोजच्या जेवणातला पदार्थ होता. "मावशी, हे जरा बघून दे ना, कुठे चुकतंय का." मी बघायला बसले ती त्यात पार अडकले.

आमच्या वेळी डंपी लेव्हल नावाची उंची मोजायची दुर्बीण, स्टाफ म्हणजे आकड्यांची काठी धरून उभा असलेला खलाशी, म्हणजे मोजणीचा मजूर, आणि उन्हात थरथरणारे आकडे. एक रेषा ओढायला दिवस जायचा. इथे विमान वरून जातं, प्रकाशाचे ठोके खाली सोडतं आणि प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं. मला सगळ्यात आवडलं ते झाडाखालचं गणित. एकच ठोका पाइनच्या शेंड्याला लागून थोडासा परत येतो, मधल्या फांदीवरून आणखी थोडा, आणि उरलासुरला पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचून सगळ्यात शेवटी परततो. शेवटचे परतलेले तेवढे वेगळे काढले, त्यातले अधांतरी राहिलेले गाळले, की झाडं नाहीशी होतात आणि खालची उघडी माती दिसते. भाच्याने एक कळ दाबली आणि सगळं रान उतरलं. अझेलियांची झुडपं गेली, पाइन गेले, लोकांच्या नजरेत भरलेला तो सगळा साज गेला. राहिली ती जॉर्जियातली एक टेकडी, क्लब हाऊसपासून रेज क्रीक ओढ्यापर्यंत दीडशे फुटांहून जास्त उतरलेली. टीव्हीवर हे कधीच कळत नाही. लांब पल्ल्याची भिंगं चढ दाबून टाकतात आणि सगळं बिलियर्डच्या टेबलासारखं सपाट दिसतं. प्रत्यक्ष जाऊन आलेला जो तो म्हणे पहिल्यांदा चढाबद्दलच बोलतो.

त्या उघड्या जमिनीवर बोट फिरवताना दहाव्या होलवर मला एक खळगा दिसला. फेअरवेच्या, म्हणजे टीपासून पुढे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या मध्यावर, ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या बऱ्याच अलीकडे, वेड्यावाकड्या कडांचा, भलामोठा. "इथे का खणलंय? इथे चेंडू कुणाचा पडणार?" मी विचारलं. भाच्याचा चेहरा उजळला. पूर्वी ग्रीन तिथेच शेजारी, खाली सखल भागात होतं. १९३७ साली कोर्स आखणाऱ्या पेरी मॅक्सवेलने ते उचलून मागच्या उंचवट्यावर नेलं. ग्रीनच्या राखणीला खणलेला बंकर तसाच मागे राहिला. जवळपास साठ यार्ड लांबीचा, पांढऱ्याशुभ्र वाळूचा. चांगल्या खेळाडूला त्याची भीती नाही, तरी तो कुणी बुजवला नाही. मी कितीतरी जुने पाट असे पाहिले आहेत, नवीन वितरिका झाल्यावर रानात नुसतेच पडून राहिलेले. जमिनीला स्मरण असतं असं मी मानत नाही, पण कंटूरला नक्की असतं.

जमीन उभी राहिली तरी ग्रीन काही साधेना. विमानातल्या मोजणीत उंचीचा फरक काही सेंटिमीटर इकडेतिकडे होतो. रस्त्याला तो चालतो, धरणाच्या बुडीत क्षेत्रालाही चालतो. ऑगस्टाच्या ग्रीनला चालत नाही. तिथे तळहाताएवढ्या फुगवट्याने चेंडू भोकाजवळून निघतो आणि उताराने थेट पाण्याकडे जातो. ईए स्पोर्ट्स या कंपनीने २०११ साली 'टायगर वुड्स पीजीए टूर १२' हा गेम काढला तेव्हा ऑगस्टाच्या क्लबने पहिल्यांदा त्या मालिकेला दार उघडलं होतं, त्यामुळे त्यांना कोर्सवर जाऊन लेसर यंत्रांनी इंचन् इंच मोजता आला. आपल्या भाच्याला कोण जाऊ देणार? त्याने दुसरीच वाट काढली. जुन्या मास्टर्सची चित्रणं लावायची आणि चेंडू कुठे मंदावतो, कुठे वळतो, कुठे थबकून पुन्हा निघतो ते टिपायचं.

२००५ सालच्या शेवटच्या दिवशी टायगर वुड्सने सोळाव्या होलवर मारलेली चिप, म्हणजे ग्रीनबाहेरून उचलून टाकलेला छोटा फटका, तर त्याने इतक्यांदा पाहिली की मलाही ती पाठ झाली. चेंडू ग्रीनच्या मागच्या डाव्या कडेला, जाड गवताला टेकून बसलेला. टायगर झेंड्याकडे बघतच नाही. तो चेंडू डावीकडे वर, उतारावरच्या एका जागेवर टाकतो. चेंडू तिथे पडतो, जरा पुढे जातो, मंदावतो आणि मग जवळजवळ काटकोनात वळून खाली यायला लागतो. येतो, येतो, भोकाच्या ओठावर येऊन थांबतो. त्याच्यावरचं कंपनीचं चिन्ह दिसेल इतका स्थिर. आणि आत पडतो. जगाने तो चमत्कार म्हणून पाहिला. भाच्याने त्याच्यातून उतार काढला. चेंडू वळला ती जागा म्हणजे कणा, इथून इथपर्यंत वेग वाढला म्हणजे इतका ढाळ, ओठावर थांबला म्हणजे तिथे जमीन जवळपास सपाट. पहिला पाऊस पडला की शेतात पाणी कुठून कसं जातं ते बघून आम्ही जुन्या नकाशांवरच्या चुका दुरुस्त करत असू. पोरगं नकळत तेच करत होतं, आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं.

बाराव्या होलपाशी मात्र मोजणीचा हात तोकडा पडतो. जेमतेम दीडशे यार्डांचं होल, सगळ्या कोर्समधलं सगळ्यात लहान. पुढे रेज क्रीक, पलीकडे तिरकं आणि अरुंद ग्रीन, त्यामागे फुललेली अझेलिया. चित्रातल्यासारखं. तिथे २०१६ साली जॉर्डन स्पीथने आघाडीवर असताना दोनदा चेंडू पाण्यात घातला आणि सात फटके घेतले. १९८० मध्ये टॉम वाइसकॉफला तिथे तेरा लागले होते. दोष वाऱ्याचा. ती कोर्सची सगळ्यात खोलगट बाजू, भोवती उंच झाडं. वारा खोऱ्यात उतरतो, झाडांवर आपटतो, फिरतो. अकराव्याचा झेंडा एकीकडे फडकतो आणि बाराव्याचा दुसरीकडे. खेळाडू हातात काठी घेऊन उभा राहतो, बदलतो, पुन्हा पहिलीच घेतो. भाच्याच्या गेममध्ये वारा म्हणजे कोपऱ्यातला एक बाण आणि एक आकडा. बाण खरं बोलतो, हीच अडचण आहे. मी बारावं होल पुष्कळदा खेळले आणि पहिल्या काही वेळांनंतर मला त्याची भीती वाटेनाशी झाली. त्याचं मला वाईट वाटलं.

आणखी एक गोष्ट खटकत राहिली. गेममध्ये तिथे कायम एप्रिल असतो.

खरा ऑगस्टा मे महिन्याच्या अखेरीला बंद होतो तो ऑक्टोबरपर्यंत उघडत नाही. आपण टीव्हीवर पाहतो ते गवत हिवाळ्यासाठी वरून पेरलेलं राय असतं. उन्हाळ्यात ते जातं आणि खालचं बर्म्युडा वर येतं. जॉर्जियाच्या त्या चिकट उकाड्यात फेअरवे कसे दिसतात, फुलं नसलेली अझेलिया कशी दिसते, हे सभासद आणि नोकर सोडले तर फार थोड्यांना ठाऊक असेल. २०२० साली साथीमुळे मास्टर्स नोव्हेंबरमध्ये झाली, प्रेक्षकांशिवाय. तेव्हा जगाने तिथली पिवळी, तांबडी पानं पहिल्यांदा पाहिली. डस्टिन जॉन्सन वीस अंडरने, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा वीस कमी घेऊन जिंकला, पण मला आठवतात ती रिकामी टेकाडं. दोऱ्या नाहीत, खुर्च्या नाहीत, माणसं नाहीत. माणसं हटल्यावर जमिनीचे वळसे टीव्हीवरसुद्धा दिसायला लागले होते. भाचा अजूनही तेच चित्रण संदर्भाला वापरतो.

म्हणजे प्रतिकृती करायची तर कुठल्या ऑगस्टाची, हा प्रश्न आलाच. सतराव्या होलवर डाव्या अंगाला एक लॉब्लॉली पाइन होता. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर क्लबचे सभासद होते. त्यांचा चेंडू दर वेळी त्या झाडावर आपटायचा. १९५६ साली त्यांनी क्लबच्या सभेत झाड तोडायची सूचना मांडली, तेव्हा अध्यक्ष क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी सभाच तहकूब करून टाकली. देशाच्या प्रमुखाला न जुमानलेलं ते झाड २०१४ च्या फेब्रुवारीत हिमवादळात बर्फाच्या भाराने मोडलं. २०११ च्या गेममध्ये ते उभं आहे. भाच्याने जुनी डिस्क मिळवून मला मुद्दाम दाखवलं. मी चेंडू मारायचा सोडून कॅमेरा झाडाभोवती फिरवत बसले. पुढे २०२३ मध्ये तेराव्या होलची टी पस्तीस यार्ड मागे सरकली. त्यासाठी शेजारच्या क्लबकडून आधीच जमीन विकत घेतली होती. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलीन वादळाने आणखी कितीतरी झाडं आडवी केली. लेसरने कितीही बारीक मोजलं तरी ती मोजणी एका तारखेची. आमच्या नकाशांवर खाली कोपऱ्यात मोजणीचं वर्ष लिहिलेलं असायचं. ते नसलेला नकाशा आम्ही हातातही धरत नसू. गेमवाले ते लिहीत नाहीत, आणि ते लिहावं असं मला मनापासून वाटतं.

नक्कल म्हणून या कामाला कमी लेखणारे भेटतात. त्यांना मला सांगावंसं वाटतं की मूळचा ऑगस्टाही आठवणीवर बेतलेला आहे. तो आखणारे बॉबी जोन्स आणि अ‍ॅलिस्टर मॅकेंझी, दोघांचाही जीव स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूज या गोल्फच्या जुन्या गावावर. मॅकेंझीने १९२४ मध्ये तिथल्या ओल्ड कोर्सचा नकाशा काढला, बंकरन् बंकर दाखवणारा. तो नकाशा मी स्क्रीनवर मोठा करून पाहिला आणि त्या माणसाला मनोमन नमस्कार केला. पुढे ऑगस्टाचं चौथं होल घडवताना त्यांच्या डोळ्यांसमोर सेंट अँड्रूजचं अकरावं होतं. समुद्रकाठच्या वाळूवरची जमीन त्यांनी फळझाडांच्या जुन्या रोपवाटिकेच्या लाल मातीत आणली. मॅकेंझी १९३४ च्या जानेवारीत गेला. पहिली स्पर्धा मार्चमध्ये झाली. पूर्ण झालेला कोर्स त्याने डोळ्यांनी पाहिलाच नाही, नकाशावर मात्र सगळा पाहिला होता. माझ्या भाच्याची गतही तीच आहे, म्हणून मला त्याचं काम हलकं वाटत नाही.

आणि त्याच १९३४ पाशी आईचा प्रश्न येऊन मला धरतो.

'टायगर वुड्स पीजीए टूर १४' या २०१३ च्या गेममध्ये १९३४ चा ऑगस्टा होता. पहिल्या स्पर्धेच्या वेळी जसा होता तसा, तेव्हाच्या उलट्या क्रमासकट, कारण आजची मागची नऊ होलं त्या वर्षी आधी खेळली गेली होती. काम फार सुंदर. सोळाव्या होलवर आजचं तळं नाही, नुसता ओढा. तळं १९४७ मध्ये रॉबर्ट ट्रेंट जोन्सने केलं. दहावं ग्रीन त्याच्या जुन्या जागी, खाली. मी खेळाडू म्हणून एक सावळी बाई निवडली, पहिल्या टीवर उभी केली आणि चेंडू मारला. मस्त गेला. उन्हात सावली पडली होती, पाखरं बोलत होती, कुणी हटकलं नाही. मला खरोखर आनंद झाला, तो मी नाकारणार नाही. आणि त्याच वेळी पोटात काहीतरी ढवळलं. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेने फक्त गोऱ्यांनाच सभासदत्व देणारं कलम आपल्या नियमांत घातलं ते याच १९३४ साली. ते निघालं १९६१ मध्ये. चार्ली सिफर्ड या काळ्या खेळाडूने १९६७ आणि १९६९ मध्ये टूरच्या स्पर्धा जिंकल्या, तरी त्याला मास्टर्सचं बोलावणं कधीच आलं नाही. मास्टर्सच्या टीवर पहिला काळा खेळाडू उभा राहिला तो १९७५ मध्ये, ली एल्डर. पहिला काळा सभासद १९९० मध्ये. पहिल्या दोन स्त्रिया सभासद झाल्या २०१२ मध्ये, म्हणजे परवा-परवा. आपल्याकडचा पहिला खेळाडू, जीव मिल्खा सिंग, तिथे खेळला २००७ साली.

आणि आत काळी माणसं नव्हती असं थोडंच आहे? होती की. १९८२ पर्यंत मास्टर्समध्ये प्रत्येक खेळाडूला क्लबचाच कॅडी, म्हणजे काठ्या वाहणारा मदतनीस घ्यावा लागे, आणि ते सगळे काळे असत, पांढरा अंगभर पोशाख घातलेले. ग्रीनचा ढाळ लेसरच्या कितीतरी आधी त्यांना पायाने माहीत होता. खेळाडू त्यांना विचारत आणि ते सांगतील तिकडे चेंडू मारत. मी तीस वर्षं खलाशांबरोबर काम केलं. नकाशावर सही साहेबाची असते, पण स्टाफ नेमका कुठे धरायचा, कुठली माती भुसभुशीत आणि कुठला दगड हलता, हे खलाशाला कळतं. ऑगस्टाची प्रतिकृती करताना कंपन्यांनी गवताची जात मोजली, वाळूचा पांढरा रंग धरला, फुलांच्या पाकळ्या धरल्या. फाटक तेवढं धरलं नाही. फाटकातून आत जाणारी मॅग्नोलिया लेन आहे, दुतर्फा एकसष्ट झाडं आहेत. ती वाट कुणासाठी उघडी होती आणि कुणासाठी नव्हती, याचा मागमूस नाही.

भाच्याचं म्हणणं वेगळं. "मावशी, गेममध्ये फाटक कशाला? सगळ्यांना जाता यावं म्हणून तर आम्ही बनवतो." त्यातही तथ्य आहे. तिकिटांच्या सोडतीत नाव निघणं सोपं नाही, व्हिसा आणि विमानाचा खर्च वेगळाच, आणि आत जाऊनही दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. खेळायचं तर सभासदाचा पाहुणाच व्हायला हवं. साताऱ्यातल्या पोराने रात्री दोन वाजता बाराव्या होलवर उभं राहावं, ही मला या यंत्रांनी केलेली मोठी गोष्ट वाटते. आजचा कोर्स सगळ्यांना खुला करा, माझं काही म्हणणं नाही. पण वर्ष लिहून जुना कोर्स उभा करता, १९३४ असं ठळकपणे सांगता, तेव्हा तुम्ही इतिहास सांगायला बसलेले असता. मग अर्धा सांगून चालत नाही. यावर आमची बरीच वादावादी झाली, जेवणं थंड झाली, आईने दोनदा हाका मारल्या.

शेवटी त्याने वर्ष ठरवलं, १९७५. आदल्या वर्षी पेन्साकोलाची स्पर्धा जिंकून ली एल्डरने ते बोलावणं मिळवलं होतं. धमक्या येत होत्या म्हणून त्याने गावात दोन घरं भाड्याने घेतली होती, कुठल्या घरात आहे ते कुणाला कळू नये. तो पहिल्या दोन दिवशी ७४ आणि ७८ फटके खेळला आणि दुसऱ्या दिवशीच स्पर्धेबाहेर पडला. त्या संध्याकाळी तो अठराव्याच्या चढावरून वर येत होता तेव्हा क्लबचे काळे नोकर हातातली कामं टाकून फेअरवेच्या कडेला येऊन उभे राहिले होते, हे एल्डरने पुढे स्वतः सांगितलं. भाच्याने हे वाचून मला फोन केला आणि पहिला प्रश्न कामाचाच विचारला, की अठराव्याचा चढ त्या वर्षी आजच्याएवढाच होता का.

त्यामुळे आता बरंच उलटं काम आलंय. तेराव्याची टी पुढे आणायची. अकरावं, पंधरावं आखूड करायचं. ग्रीनवर बेंटग्रास नको, कारण ते १९८१ मध्ये आलं, त्याआधी बर्म्युडा होतं, म्हणजे चेंडू जरा हळू पळायला हवा. सतराव्यावर आयझेनहॉवरचं झाड लावायचं. टायगरच्या विजयांनंतर वाढवलेलं रफ, म्हणजे फेअरवेच्या कडेचं उंच गवत, आणि लावलेली झाडं काढायची. अठराव्याच्या कडेला माणसं उभी करायची तर त्याच्या गेममध्ये प्रेक्षकांचे कपडे बदलायची सोय नाही. त्यावर काही तोड निघते का ते तो शोधतोय. मी त्या वर्षाचे फोटो जमवून बंकरच्या कडा जुळवत बसले आहे. आणि नकाशाच्या कोपऱ्यात वर्ष लिहायचं मात्र मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.